कफ सोडण्याची घाई कुणाला?

“मॅडम, हातच तर बधिर करायचाय, त्याला भूलतज्ज्ञ कशाला? हाडांचे डॉक्टर देतील की एक इंजेक्शन.” मनगट मोडलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांकडून हे मी नेहमी ऐकते. बिलात आणखी एका डॉक्टरची फी वाढली की प्रश्न पडणारच. त्याचा मला राग येत नाही. हेच वाक्य ओटीच्या आत, डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू आले की मात्र येतो.

मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी भूल देते. निसरड्या अंगणात पडलेल्या आजी, दुचाकीवरून घसरलेली पोरे, मनगटातली नस दबून रात्रभर मुंग्या येणाऱ्या बायका, अशांसाठी ‘बीर ब्लॉक’ ही फार सोयीची पद्धत आहे. आउगुस्ट बीर या जर्मन सर्जनने ती १९०८ साली मांडली. तेव्हा त्याने प्रोकेन हे बधिर करणारे औषध वापरले होते. पुढे पद्धत मागे पडली. १९६३ मध्ये होम्स यांनी लिग्नोकेन वापरून ती पुन्हा चालती केली. तिला सोनोग्राफीचे मशीन लागत नाही, मानेत किंवा काखेत नस शोधावी लागत नाही. मोठ्या शहरांत शिकून आलेली तरुण मंडळी तिला जुनाट म्हणतात. आमच्यासारख्या ठिकाणी ती टिकायला हवी, असे माझे मत आहे. पण ती किरकोळ समजून नव्हे.

होते काय ते सांगते. दुखऱ्या हाताच्या पंजामागच्या शिरेत एक सुई, दुसऱ्या हातात दुसरी. ही दुसरी बधिरतेसाठी नाही. काही बिघडले तर तातडीची औषधे देता यावीत म्हणून. मग दुखरा हात उंच धरून बोटांपासून वर रबरी पट्टी घट्ट गुंडाळायची, म्हणजे शिरांतले रक्त वर सरकते. मोडलेल्या मनगटाला पट्टी सोसत नसेल तर हात नुसता उंच धरून ठेवायचा. दंडावर दोन कप्प्यांचा कफ, म्हणजे हवेने फुगणारा पट्टा, असतो. त्याचा वरचा कप्पा रुग्णाच्या वरच्या रक्तदाबापेक्षा साधारण १०० ने जास्त फुगवायचा. नाडी लागत नाही याची खात्री करून रिकाम्या शिरांत ०.५ टक्के लिग्नोकेन हळूहळू सोडायचे. प्रमाण वजनाच्या दर किलोला ३ मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ३६ मिली. त्यात अ‍ॅड्रेनलिन असता कामा नये, म्हणून बाटलीवरचे लेबल मी स्वतः वाचते.

शेतातले पाणी बांधाने अडवावे तसे हे औषध कफच्या खाली अडून राहते. शिरांतून ते नसांच्या पोटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत झिरपते आणि तिथून नसांच्या धाग्यांत शिरते. त्या धाग्यांतून सोडियमची ये-जा झाली तरच वेदनेचा संदेश पुढे सरकतो. लिग्नोकेन ती वाटच बंद करते. पाच-दहा मिनिटांत कातडीवर पांढरे-जांभळे चट्टे उमटतात, बोटे जड होतात. आजी माझ्याशी सुनेच्या तक्रारी बोलत असतात आणि खाली त्यांचे हाड बसवले जात असते.

अवघड भाग इथून पुढे आहे. वीस-तीस मिनिटांनी कफच दुखू लागतो. तेव्हा बधिर भागावरचा खालचा कप्पा आधी फुगवायचा, तो धरतोय हे पाहायचे आणि मगच वरचा सोडायचा. हा क्रम उलटा झाला तर एका क्षणासाठी दोन्ही कप्पे मोकळे होतात आणि सगळे औषध थेट हृदयाकडे व मेंदूकडे धावते. आधी कानात गुणगुण, जिभेवर धातूची चव, ओठांना बधिरपणा, मग झटके, मग हृदयाचे ठोके बिघडतात. ब्रिटनमध्ये १९८० च्या आसपास याच पद्धतीत ब्युपिव्हकेन वापरल्यावर रुग्ण दगावले. या कामासाठी ते औषध तेव्हापासून बाद झाले.

म्हणूनच शस्त्रक्रिया दहा मिनिटांत आटोपली तरी किमान वीस मिनिटे कफ सोडायचा नाही. तोवर बरेचसे औषध हाताच्या पेशींत मुरते. आमचे वाद होतात ते याच दहा मिनिटांवरून. टाके झाले, बाहेर पुढची केस थांबलेली, सर्जन हातमोजे काढत म्हणतात, “झालं मॅडम, सोडा.” मी घड्याळाकडे बोट दाखवते. हाच माणूस सर्जनही असता आणि भूल देणाराही, तर त्याला कोणी थांबवले असते? ज्याचे काम संपले आहे त्याच्याच हाती कफ सोपवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणखी तीन गोष्टी सांभाळायला पैशापेक्षा शिस्त जास्त लागते. कफ फुगवल्याची वेळ ओटीतल्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहावी. रक्तदाब मोजायचा साधा कफ यासाठी वापरू नये. तो इतका वेळ दाब धरून ठेवण्यासाठी बनवलेलाच नसतो. आणि लिग्नोकेनच्या विषबाधेवर शिरेतून द्यायचे २० टक्के लिपिड इमल्शन, ती दुधाळ बाटली, ओटीतच हाताशी असावी, तळमजल्यावरच्या स्टोअरच्या कुलपात नव्हे.

गडचिरोली, नंदुरबार किंवा मेळघाटातला रुग्ण असला की सिकलसेलबद्दल आवर्जून विचारायलाच हवे. रक्त अडवलेल्या हातात प्राणवायू कमी होतो आणि या आजारात नेमक्या अशाच वेळी तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात व रक्तवाहिन्या तुंबवतात. अशा रुग्णाला दुसरी पद्धत द्यावी.

कुणी म्हणेल, तालुक्याला दुसरा डॉक्टर आणायचा कुठून? अडचण खरी आहे, मीही एका गावाहून दुसऱ्या गावी धावत असते. पण डॉक्टर मिळत नाही म्हणून धोका कमी होत नाही. तातडी नसेल तर शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवसावर ढकलता येते. उद्या तुमच्या घरचे कुणी हात मोडून टेबलावर असेल, तर भूलतज्ज्ञ कशाला, असे विचारू नका. ऑपरेशन चालू असताना कफवर नजर कोण ठेवणार, असे विचारा. ऑपरेशन करणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाचे नाव सांगितले जात नसेल, तर संमतीपत्रावर सही करण्याआधी थांबा.