शमीवरची शस्त्रे

खंडेनवमीस आम्ही शस्त्रे पूजितो. पांडवांनी अज्ञातवासापूर्वी ती शमीवर ठेवली, हा प्रसंग मात्र आम्ही कीर्तनकारही घाईने उरकतो. वस्तुतः शस्त्र खाली ठेवविणे हेही धर्माचेच कार्य होय. अमेरिकेतील बोस्टन नगरात १९९२ साली, गोळीबारात मेलेल्या तरुणाच्या अंत्यविधीसमयी टोळीवाले चर्चमध्ये घुसले; तेथेच एका मुलास भोसकले. तेव्हा तेथील धर्मोपदेशक रात्री रस्त्यावर उतरून टोळ्यांतील पोरांशी बोलू लागले. नगरात १९९० साली १५२ खून झाले होते, १९९९ साली ३१. श्रेय त्यांचे एकट्यांचे नव्हे, पोलिसांचेही आहे. आमची मंदिरे मात्र शेजारती होताच बंद होतात. आणि चौकातली पोरे तर त्यानंतरच जमतात.