बोर्डाच्या पलीकडचा रस्ता

परीक्षा संपायच्या आधीच ग्रुपवर ‘लडाख प्लॅन’ सुरू होतो. बुलेट कुणाची, बजेट किती, घरी पटवायचं कसं? बाकी काही ठरो न ठरो, एक गोष्ट फिक्स असते: खारदुंगलाच्या बोर्डापाशी फोटो!

त्या बोर्डावर वर्षानुवर्षं १८,३८० फूट हा आकडा झळकत होता. जीपीएसने मोजलं तर उंची भरते साधारण १७,५८२ फूट. ‘जगातला सर्वांत उंच रस्ता’ हा मानही पुढे पूर्व लडाखमधल्या १९,०२४ फुटांवरच्या उमलिंगलाकडे गेला. मग खारदुंगलाची शान कमी झाली का? अजिबात नाही. फक्त ती शान आकड्यात शोधू नका.

‘ला’ म्हणजे खिंड. लेहहून नुब्रामार्गे यारकंद, काशगरकडे जाणारे व्यापारी तांडे हीच खिंड ओलांडायचे. विसाव्या शतकाच्या मध्यावर तो व्यापार थांबला. नुब्रातल्या हुंडरला आपण ज्या दोन मदारींच्या उंटांवर बसून रील बनवतो ना, ते त्याच तांड्यांची आठवण आहेत. इथला गाडीरस्ता १९७६ मध्ये तयार झाला आणि सर्वसामान्यांच्या वाहनांसाठी १९८८ मध्ये खुला झाला. सियाचेनच्या जवानांची रसदही याच वाटेने जाते.

हा रस्ता एकदा बांधला आणि काम संपलं, असं होत नाही. बर्फ, दरडी, वितळलेलं पाणी दरवर्षी तो उखडतं. सीमा रस्ते संघटना, म्हणजे बीआरओ, तो पुन्हा उभा करते. लडाखच्या रस्त्यांवर राबणारे कितीतरी मजूर झारखंडच्या दुमका भागातून येतात. खिंडीत हवेतला ऑक्सिजन मुंबईच्या जवळपास निम्मा. आपल्याला तिथे चार पावलं टाकताना धाप लागते. ते घमेली उचलतात, खडी फोडतात. २०२० मध्ये झारखंड सरकारला आग्रह धरावा लागला, की मजूर दलालांमार्फत नको, थेट रीतसर नोंदणी करून न्या. विचार करा, इतक्या साध्या हक्कासाठी!

म्हणून मित्रांनो, जरूर जा. फोटोही काढा. पण रस्त्याचं काम सुरू दिसलं की हॉर्न वाजवत, धुरळा उडवत पुढे घुसू नका. गाडी हळू करा. जमलं तर थांबून विचारा, ‘दादा, गाव कोणतं?’ खारदुंगलाची गोष्ट घरी येऊन सांगाल, तेव्हा त्यात त्या गावाचंही नाव असू द्या.