बस इथपर्यंतच!

गर्दीच्या एसटीत दाराजवळ उभं राहून गावी गेलेल्या माणसाने सेंट्रल अमेरिकेतल्या बसचं टेन्शन घेऊच नये. रेटारेटी तीच, ‘आत सरका’चा गजरही तोच. फक्त ओरडणाऱ्याला तिथे ‘आयुदांते’ म्हणतात आणि तो तुमची सॅक टपावर फेकून बस सुटल्यावर दारातून लटकत आत येतो.

बस मात्र बघण्यासारखी! अमेरिकेत शाळेची पोरं वाहून म्हातारी झालेली पिवळी स्कूलबस लिलावात निघते आणि मेक्सिकोतून खाली ग्वाटेमालात येते. इथे तिला भडक रंग, चकाचक क्रोम आणि नवं नाव मिळतं. टुरिस्ट तिला ‘चिकन बस’ म्हणतात. दोन पोरांच्या सीटवर तीन मोठी माणसं, शिवाय मांडीवर शेजारणीचं बोचकं.

पण एक फंडा आधीच क्लिअर करून घ्या. लोकल बस बॉर्डर ओलांडत नाही. ती तुम्हाला अलीकडे उतरवते आणि परत फिरते. पुढे सॅक पाठीवर टाकून चालत जायचं, पलीकडे दुसऱ्या देशाची दुसरी बस. एल साल्वादोर आणि होंडुरासच्या मध्ये एल अमातियोला गोआस्कोरान नदीवरचा पूल आहे. तो पायी पार केला की देश बदलतो. तिकडे पासो कानोआसला तर कोस्टा रिका आणि पनामा एकाच बाजारपेठेत भेटतात, रस्ता ओलांडला की पनामा! त्या नादात शिक्का मारायचा राहिला तर मात्र पुढे पंचाईत.

पुलाच्या तोंडाशी नोटांची बंडलं आणि कॅल्क्युलेटर घेतलेले लोक तुम्हाला घेरतात. हिशेब आपल्या मोबाईलवर करायचा आणि गरजेपुरतेच पैसे बदलायचे. एल साल्वादोरमध्ये 2001 पासून डॉलरच चालतो, तेवढी एक कटकट कमी. आणि हो, ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास आणि निकाराग्वा यांचा 2006 चा करार आहे. टुरिस्टला चारही देशांत मिळून 90 दिवस मिळतात, प्रत्येकी नव्हे.

मी 2024 मध्ये ग्वाटेमालातून पनामाकडे उतरत होते. एका खिडकीवर माझ्या पुढच्या डच पोराला मिनिटभरात शिक्का मिळाला. माझा निळा पासपोर्ट बघून साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. एकटी? नोकरी काय? परतीचं तिकीट? पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा होता (तो असला की यातल्या बऱ्याच देशांत काम सोपं होतं), तरी पाऊण तास बाकड्यावर. जाम चिडले होते.

कारण मात्र मला माहीत होतं. डिसेंबर 2023 मध्ये निकाराग्वाला निघालेलं एक विमान फ्रान्समधल्या वात्री विमानतळावर अडवलं गेलं. आत 303 भारतीय होते. त्यातले बहुतेक परत मुंबईला आले. निकाराग्वात उतरून रस्त्याने उत्तरेकडे, अमेरिकेपर्यंत जाण्याचा तो मार्ग. म्हणजे माझाच रस्ता, फक्त उलटा.

दोन दिवसांनी होंडुरासमध्ये, चोलुतेकाच्या बसस्टँडवर, एका पोराने मला हिंदीत हाक मारली. वय विशीच्या आसपास, पाठीला शाळेचं दप्तर असावं तेवढीच सॅक. “दीदी, आप भी ऊपर जा रही हो?” म्हटलं, नाही रे, फिरायला आलेय. तो बघतच राहिला. “घूमने? यहाँ? अपने पैसों से?”

काय सांगणार? बिस्किटाचा पुडा अर्धा-अर्धा केला. घरी जमीन विकलीय, एवढंच बोलला. मग त्याची बस लागली, उत्तरेची. थोड्या वेळाने माझी.

तर मंडळी, जा, नक्की जा. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते निघण्याआधी वकिलातीत पक्के करा. कोस्टा रिकात शिरताना बाहेर पडण्याचं तिकीट मागतात, त्याची प्रिंट जवळ ठेवा. खिडकीवर वेळ लागला तर चिडू नका. आपल्याला फक्त उशीर होत असतो.