डोंगराकडे ३६५ दिवसांचा अपटाइम मागू नका

परवा ऑफिसात चहा पिताना एका मित्राशी कडकडून भांडलो. विषय काय, तर स्वित्झर्लंडमधलं झेरमॅट!

झालं असं की २०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं ऑनसाइट होतो. वीकेंडला झेरमॅटला जायचं, भर उन्हाळ्यात स्कीइंग करायचं, फोटो काढायचे असा बेत होता. बारा महिने स्कीइंग हीच तर त्या गावाची ख्याती. पण नेमकं जुलैअखेर ते बंद केलं. "३६५ दिवस म्हणतात आणि आयत्या वेळी शटर खाली!" मित्राचा राग अजून तसाच आहे. तेव्हा मीही चिडलो होतो. आता मात्र वाटतं, चूक आमची होती.

२५ जुलै २०२२ ला स्वित्झर्लंडवर हवेचं तापमान शून्याला पोचलं ते थेट ५१८४ मीटर उंचीवर. तोपर्यंतचा तिथला विक्रम. मॅटरहॉर्नचं शिखर ४४७८ मीटरवर आणि रोपवेचं शेवटचं स्टेशन ३८८३ मीटरवर. म्हणजे शिखराच्याही वर पाणी गोठत नव्हतं, आणि आम्ही खाली तिकिटाचा हिशोब करत होतो!

हिमनदी म्हणजे बँकेतली ठेव. हिवाळ्यातला बर्फ हा भरणा, उन्हाळ्यातलं वितळणं हा खर्च. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्विस हिमनद्यांचा सुमारे १० टक्के बर्फ गेला. स्कीइंगमुळे नाही, तापलेल्या हवेमुळे, हे मान्य. पण 'बंद' म्हणायचंच नाही असं ठरवलं की काय होतं? ऑक्टोबर २०२३ मध्ये वर्ल्ड कपच्या शर्यतीसाठी तिथल्या हिमनदीवर एक्सकॅव्हेटर चढवले. आणि शर्यती? २०२२ मध्ये बर्फ नाही म्हणून रद्द, २०२३ मध्ये हिमवर्षाव आणि वाऱ्यामुळे रद्द. नंतर कॅलेंडरमधूनच गेल्या.

"अरे पण गावाचं पोट त्यावर आहे," मित्र म्हणाला. मुद्दा खरा आहे. पण उन्हाळ्यात डोंगरवाटा आहेत, गिर्यारोहण आहे, सायकली आहेत. मुळात हे गाव उन्हाळी पाहुण्यांवरच वाढलं. १८९१ साली तिथे रेल्वे आली, तीही सुरुवातीची काही दशकं फक्त उन्हाळ्यात धावायची. हिवाळ्यात चक्क बंद!

आणि 'नाही' म्हणणं या गावाला येत नाही असंही नाही. पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना गावात बंदी आहे. पाहुण्याने गाडी पाच किलोमीटर अलीकडे टेश गावात लावायची आणि ट्रेनने यायचं. त्यामुळे धंदा बुडाला का? उलट लोक ती शांतता अनुभवायलाच येतात. जे गाडीवाल्याला ठणकावून सांगता येतं, ते ऑगस्टमधल्या स्कीवाल्याला का सांगू नये?

आपण साधा सर्व्हरसुद्धा रविवारी पहाटे मेंटेनन्ससाठी खाली घेतो. क्लायंटला आधी मेल टाकतो आणि तो निमूट ऐकतो. मग डोंगराला सुट्टी का नको?

मित्राला अजून पटलेलं नाही. असो. पुढच्या वेळी तिथे 'आज बंद' अशी पाटी दिसली, तर मी तिच्या शेजारी उभा राहून फोटो काढणार आहे. तुम्ही काय कराल?