आई फाटकाबाहेर

झालं, पुन्हा शिबिर! या आठवड्यात आपल्याकडच्या एका शाळेत बालवाडी ते दुसरीच्या मुलांची 'भीती घालवण्याचा' कार्यक्रम तीन तासांत उरकला. दीपप्रज्वलन, दीर्घ श्वास, बिस्किटं, फोटो. आया फाटकाबाहेर ताटकळत. शिबिराबद्दल इतकंच म्हणतो की फोटो छान आलेत.

खरी भीती कशी असते ते पाहा. जून 2017 मध्ये बालाघाट जिल्ह्यातल्या खैरीचा फटाका कारखाना उडाला, वीसहून अधिक माणसं गेली. अशा घरातलं चार वर्षांचं पोर 'मला धक्का बसलाय' असं सांगत नाही. ते दिवाळीत खाटेखाली शिरतं, सवय सुटलेली असूनही पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं, खेळातही तोच स्फोट पुन्हा पुन्हा घडवतं.

एवढ्या लहानांसाठी नीट तपासलेले दोन उपचार आहेत. अमेरिकेतल्या मायकेल शीरिंगांचा 12 बैठकांचा. 3 ते 6 वर्षांचं मूल चित्रं काढत काढत त्या प्रसंगाच्या थोडं थोडं जवळ जातं आणि शेजारच्या खोलीत आई पडद्यावर सगळं बघत असते. दुसरा अ‍ॅलिशिया लीबरमन यांचा. त्यात आई आणि मूल एकत्र, खेळता खेळता, दर आठवड्याला, जवळपास वर्षभर. 2005 साली त्यांनी तो घरातली मारहाण पाहिलेल्या मुलांवर आणि त्यांच्या आयांवर तपासला. नेहमीच्या मदतीपेक्षा तो सरस ठरला.

आता बालाघाटातल्या बैहरकडची मजूर बाई डोळ्यांपुढे आणा. रोवणीच्या दिवसांत पन्नास खेपा? रोजी कोण भरून देणार? बारा जमतील, तेही गाडीभाडं मिळालं तर. म्हणून स्फोट, अपघात, वाघाचा हल्ला यांसाठी माझं मत शीरिंगांना. पण जिथे आईच मार खाते, तिथे बारा बैठकांत काय होणार? तिथे वर्षच लागेल. डोळे हलवून करायच्या उपचाराचा सध्या फार बोलबाला आहे. पण ब्रिटनची 2018 ची मार्गदर्शिका तो सात वर्षांच्या आणि त्यापुढच्या मुलांना, तोही आधी दिलेला दुसरा उपचार लागू पडला नाही तरच, सुचवते.

लहानांसाठीच्या या दोन्ही पद्धतींत आई लागतेच. आपण तिलाच बाहेर उभं करतो. 

शिबिरवाल्यांना विनंती: पुढच्या वेळी मंडपाचे पैसे आयांच्या गाडीभाड्याला द्या. आणि आयांनो, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र लागतो.