संध्याकाळी सातची सभा

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या आधारगटाची सभा बहुतेक ठिकाणी संध्याकाळी भरते. यात कामावरून सुटणाऱ्यांची सोय आहेच, पण तेवढेच नाही. पिणाऱ्याची तलफ याच सुमारास जागी होते. घरी जायची वाट नेमकी बारवरून जाते आणि मित्रांचे फोनही याच वेळी येतात. तो तास-दीड तास कुठेतरी, कुणाबरोबर तरी काढायचा असतो.

या पद्धतीची सुरुवातही अशाच एका तलफेच्या वेळी झाली. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस बिल विल्सन अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी धंद्याच्या कामासाठी आला होता. काम फसले. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते आणि हॉटेलच्या दिवाणखान्यात बारमधली गजबज ऐकू येत होती. त्याने बारऐवजी टेलिफोन गाठला, गावातल्या चर्चच्या यादीवरून नंबर फिरवले आणि बोलायला दुसरा एखादा दारुडा मिळेल का, अशी चौकशी केली. त्यातून डॉ. बॉब स्मिथ भेटले. डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ चा दिवस अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा, म्हणजे ‘एए’चा, स्थापनादिन मानला जातो. भारतात ही चळवळ १९५७ च्या सुमारास आली.

सभा शोधणे आज त्या मानाने सोपे आहे. एएच्या संकेतस्थळावर शहरवार सभांची माहिती मिळते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. व्यसनमुक्ती केंद्रे, मानसोपचारतज्ज्ञ आणि सरकारी रुग्णालयांतले समाजसेवक यांनाही आसपासचे गट ठाऊक असतात. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या केंद्रात (स्थापना १९८६) उपचार घेऊन गेलेल्यांसाठी फॉलो-अपच्या बैठका असतात. सभेची जागा बहुधा शाळेचा वर्ग किंवा चर्चचा हॉल अशी साधी असते. मुंबईत मराठी, हिंदी, इंग्रजी सभा भरतात, गोव्यात कोंकणीतही. भाषा पाहूनच गट निवडावा. लाजेची गोष्ट परक्या भाषेत सांगणे दुप्पट जड जाते. परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाला ऑनलाइन सभेची वाट आहे. खेड्यात मात्र गट विरळच. तिथे तालुक्याच्या गावची आठवड्याची एक सभा आणि मधल्या दिवसांत फोन, यावरच भागवावे लागते.

पत्ता मिळाला तरी पायरी चढवत नाही, ही खरी अडचण. आपल्या गल्लीतलाच कोणी आत बसलेला असला तर? म्हणून कित्येक जण पहिली सभा मुद्दाम दोन स्टेशने पलीकडची निवडतात. त्यात काही गैर नाही. खरे म्हणजे रोज झोकांड्या खात येणारा माणूस गल्लीला आधीच ठाऊक असतो. लपवायचे असते ते फक्त सोडणे! बंद सभेत केवळ दारूची अडचण असलेलेच बसतात, खुल्या सभेला नातेवाईकही येऊ शकतात. नुसते पाहायचे असेल तर खुली सभा बरी.

आत फारसे काही घडत नाही. कोणी एक जण सभा चालवतो, थोडे वाचन होते, मग एकेक जण स्वतःचे पहिले नाव आणि आपण मद्यपी असल्याचे सांगून बोलतो. मध्ये कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. नव्याने आलेल्याने नुसते ऐकले तरी चालते. फी नसते, खर्चासाठी सदस्यांतच ऐच्छिक वर्गणी फिरते आणि बाहेरची देणगी घेतली जात नाही. सदस्य होण्यासाठी दारू थांबवण्याची इच्छा एवढीच अट. आडनाव विचारले जात नसल्याने शेजारच्या खुर्चीवर साहेब आहे की शिपाई, हे निदान सभेपुरते कळत नाही.

एएच्या कार्यक्रमातल्या बारा पायऱ्यांमधला ईश्वराचा उल्लेख काहींना खटकतो. तिथे ‘आपापल्या समजुतीप्रमाणे’ अशी सूट आहे आणि गटालाच मोठी शक्ती मानणारे नास्तिकही टिकलेले दिसतात. तरीही मन रमले नाही तर गट बदलावा. एकाच सभेवरून निकाल देऊ नये. प्रत्येक गटाची तऱ्हा वेगळी.

सभा हा औषधोपचाराला पर्याय नव्हे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जिवावरही बेतते. आधी डॉक्टर, मग सभा, किंवा दोन्ही बरोबर. उपयोगाबद्दल सांगायचे तर कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ व्यक्तींची माहिती तपासली गेली. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत, एएशी जोडून देणारे नियोजनबद्ध उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. नुसती सभेतली हजेरी आणि असे उपचार यांत फरक आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे.

घरच्यांसाठी अल-अनॉन हे वेगळे गट आहेत. नवरा सभेला यायला तयार नसला तरी बायकोला तिथे जाता येते. बायका स्वतः पीत असतील तर त्यांची कोंडी जास्त. पुरुषांनी भरलेल्या खोलीत शिरणे त्यांना नको वाटते. मोठ्या शहरांत वा ऑनलाइन निव्वळ स्त्रियांची सभा मिळते का, हे आधी विचारून घ्यावे.

सभा संपल्यावर नव्या माणसाला दोन-तीन फोन नंबर लिहून देतात. पुढे त्यांतलाच एखादा त्याचा स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा जुना सदस्य, होतो. फोन पिण्याआधी करायचा, प्यायल्यावर नाही, असे तो पहिल्याच दिवशी बजावतो. इतके करूनही कधी ‘स्लिप’ होते, म्हणजे पुन्हा प्यायली जाते. मग दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, आणि दुसऱ्या दिवशी सातला दार उघडेच असते.