थकवा म्हणजे कामचुकारपणा नव्हे

पक्षाघातातून उठलेला कामगार चालू लागला की तो बरा झाला, असे आपण गृहीत धरतो. आणि तो दमला की त्याला कामचुकार ठरवतो. वस्तुतः अशा रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना मेंदूच्या इजेनंतरचा थकवा ग्रासतो. तो झोपेनेही हटत नाही. काम विभागणे, दमण्यापूर्वीच विसावणे, मनाच्या खिन्नतेवरही उपचार घेणे, हे त्यावरचे मार्ग. परंतु कोल्हापूर जिल्ह्यात, इचलकरंजीच्या यंत्रमागावर कापडाच्या मापाने मजुरी मिळवणाऱ्याला विसावा म्हणजे उपवास! सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी नोकराची नोकरी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने राखली. मागावरच्या मजुराला ती हमी नाही. हलके काम व सवेतन विश्रांती ही कलमे आता कामगार संघटनांच्या मागणीपत्रकात आलीच पाहिजेत.